‘लिंक नाही’ : कार्यालयातील नोंद नसलेल्या जाळ्याचा नकाशा

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कचेरीत, बँकेत किंवा पोस्टात काम घेऊन गेलेल्या माणसाने ‘लिंक नाही’ हे दोन शब्द कधी ना कधी ऐकलेले असतात. सातबाराचा उतारा, दस्ताची नोंदणी, पीककर्जाचा हप्ता, निराधार योजनेचे पैसे, सारे त्या दोन शब्दांपाशी अडते. झरी जामणी किंवा उमरखेड तालुक्यातल्या खेड्यातून एसटीने आलेल्याचा सबंध दिवस त्यात बुडतो आणि दुसऱ्या फेरीचे भाडे अंगावर पडते. मात्र लिंक नाही म्हणजे नेमकी कुठे नाही, असे विचारले तर खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यालाही ते सहसा सांगता येत नाही. बिघाड मुंबई-पुण्याच्या सर्व्हरमध्ये असू शकतो, रस्त्याच्या कामात तुटलेल्या केबलमध्ये असू शकतो, किंवा टेबलाखाली पाय लागून निसटलेल्या अडॅप्टरमध्येही असू शकतो. हे तिन्ही वेगळे ओळखायचे तर कार्यालयातील संगणक-जाळ्याचा नकाशा हाताशी हवा. इमारतीचा नकाशा, विजेच्या मीटरची नोंद, टेबलखुर्च्यांची जडवस्तू नोंदवही ही सारी दप्तरी सापडतात. संगणकांच्या जाळ्याचा कागद मात्र पुष्कळ ठिकाणी कधी तयारच झालेला नसतो.

थरावर थर

असे का झाले, याचे उत्तर या जाळ्यांच्या जन्मकथेत आहे. ती कोणी एका बैठकीत आखलेली नाहीत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजेच एनआयसी, १९७६ साली स्थापन झाले आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाळे देशातील जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे टेलिफोनच्या तारेवरून कर्कश आवाज करीत जोडले जाणारे डायल-अप लहान शहरांतही आले. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने राज्यव्यापी जाळ्यांच्या, म्हणजे ‘स्वान’च्या, ३,३३४ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. राज्य मुख्यालयापासून जिल्हा आणि तालुक्यापर्यंत किमान दोन मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची जोडणी, असे तिचे सूत्र होते; महाराष्ट्रातील तिचे रूप ‘एमस्वान’ या नावाने ओळखले जाते. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली आणि २०१५ पासून ती ‘भारतनेट’ झाली. त्यानंतर खासगी कंपन्यांचे फायबर, स्थानिक केबलचालकांचे इंटरनेट आणि मोबाईलचा स्वस्त डेटा यांची भर पडली.

सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या, सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात प्रत्येक योजना आपली पेटी आणि आपली तार घेऊन आली. आधीची काढून नेण्याचे काम मात्र कोणाच्या कक्षेत बसले नाही. परिणामी एखाद्या जुन्या कार्यालयाच्या भिंतीवर बंद पडलेल्या मोडेमशेजारी चालू राऊटर, त्याखाली फायबरची पांढरी पेटी आणि गच्चीवर वापरातून गेलेली छत्री असे दृश्य दिसले तर नवल नाही. सहकारी पतसंस्था, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, महाविद्यालये, दवाखाने यांचीही कथा निराळी नाही. आधी हिशेबाचा एक संगणक येतो, मग प्रिंटर, मग सीसीटीव्हीचा डीव्हीआर, मग बोटाच्या ठशावर चालणारे हजेरी यंत्र. प्रत्येक वस्तू वेगळा विक्रेता बसवतो आणि जिथे मोकळे पोर्ट दिसेल तिथे तार खोचून निघून जातो. ज्या एका माणसाला सारे ठाऊक असते त्याची बदली होते किंवा तो निवृत्त होतो.

आरंभ बिलापासून

अशा जाळ्याचा नकाशा काढायचा म्हणजे एखादे सॉफ्टवेअर चालवायचे, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याची पहिली पायरी लेखा शाखेत असते. कार्यालय दरमहा कोणाकोणाला इंटरनेटचे पैसे देते, याची यादी मागील दोन-तीन वर्षांच्या देयकांवरून निघते. यवतमाळमध्ये ०७२३२ या संकेतांकाच्या एखाद्या दूरध्वनी क्रमांकाचे बिल वर्षानुवर्षे भरले जात असते, पण ती तार कोणत्या खोलीत उतरते ते कोणालाच सांगता येत नाही. याच्या उलटही घडते. इंटरनेट चालू असते, पण त्याचे बिल कार्यालयाच्या नावे नसतेच. ते एखाद्या कर्मचाऱ्याच्या, शेजारच्या दुकानदाराच्या किंवा संगणक दुरुस्तीवाल्याच्या नावावर असते. दोन्ही गोष्टी तंत्राच्या नव्हेत, जबाबदारीच्या आहेत. म्हणून नकाशावरील प्रत्येक बाह्य जोडणीपुढे कंपनी, ग्राहक क्रमांक, करारावर सही करणाऱ्याचे पदनाम, तक्रारीचा दूरध्वनी आणि कराराची मुदत हे पाच रकाने तारेच्या रंगाआधी भरावे लागतात.

याच टप्प्यावर कार्यालयप्रमुखाची लेखी परवानगी घेणे आवश्यक असते, आणि हा केवळ दप्तरी उपचार नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ नुसार, प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणक वा संगणक-जाळ्यात प्रवेश करणे नुकसानभरपाईस पात्र ठरते; तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली गुन्हा होतो. जाळे तपासणारा स्वतःच्याच कार्यालयातील कर्मचारी असला तरी हा कागद त्याच्या संरक्षणासाठी लागतो. सरकारी जाळ्याला जोडलेल्या कार्यालयात तर ते जाळे चालवणाऱ्या यंत्रणेलाही पूर्वकल्पना द्यावी लागते, कारण तपासणीची साधने आणि घुसखोराची साधने दुरून सारखीच दिसतात.

तार हाती धरून

यानंतरचे काम शिडी, विजेरी आणि चिकटपट्ट्या घेऊन करायचे. बाहेरची प्रत्येक तार इमारतीत कोठून शिरते ते खांबापासून, गच्चीपासून आणि मागच्या भिंतीपासून पाहत यायचे. त्या तारेवरचा मोडेम किंवा फायबरची पेटी, त्यापुढचा राऊटर, त्यापुढचा स्विच, असा माग काढायचा आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवायचा. एकाच टोकाला लावलेला क्रमांक निरुपयोगी ठरतो. छताच्या पोकळीत किंवा पट्टीच्या नळीत पंधरा-वीस निळ्या केबलींचा जुडगा असेल तर तारेत ध्वनिसंकेत सोडणारे छोटे यंत्र आणि तो ऐकणारी कांडी अशी जोडी कामी येते. ती फार महाग नसते. ती नसेल तर जुना उपाय आहेच. कामाची वेळ संपल्यावर एकेक तार उपसायची आणि कोणता दिवा विझतो ते पाहायचे. सकाळी अकराला, खिडकीवर रांग असताना, हा प्रयोग करणारा दुसऱ्यांदा कोणाचे सहकार्य मिळवू शकत नाही.

तांब्याच्या नेटवर्क केबलची एका टप्प्याची मर्यादा १०० मीटर असते. त्यामुळे मोठ्या आवारात दोन इमारतींच्या मध्ये कुठेतरी एखादा स्विच असलाच पाहिजे, हे अंतरावरूनच कळते. तो जिना, माळा किंवा अभिलेख कक्षाच्या कोपऱ्यात धूळ खात सापडतो, आणि पुष्कळदा त्याचा वीजपुरवठा भलत्याच खोलीच्या बटणावर असतो. संध्याकाळी शिपाई दिवे मालवतो आणि शेजारच्या इमारतीची ‘लिंक’ जाते. सकाळी तो आला की आपोआप येते. अशी कोडी कोणत्याही सॉफ्टवेअरला सुटत नाहीत.

विदर्भात आणखी एका गोष्टीची नोंद नकाशावर हवी, ती म्हणजे भूसंपर्क जोडणी, बोलीभाषेत अर्थिंग. मृगाच्या आधीच्या वादळी पावसात वीज जवळपास कोसळली तरी उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या तारांत दाबाची लाट येते आणि एका फटक्यात स्विचची पोर्टे जळतात. काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते, मातीतला ओलावा जातो आणि अर्थिंग कमजोर होते. नेमक्या त्याच काळानंतर विजांचे दिवस येतात. दोन इमारतींमधील दुवा तांब्याचा आहे की फायबरचा, हे नकाशावर दिसले की जूनमध्ये कोणते यंत्र धोक्यात आहे ते आधीच कळते. फायबरच्या काचेतून ही लाट वाहत नाही.

न दिसणारा भाग

तारांचा नकाशा झाला तरी अर्धेच काम होते, कारण संगणक एकमेकांना तारेवरून नव्हे तर पत्त्यांवरून ओळखतात. कार्यालयांतर्गत वापरासाठी पत्त्यांचे तीन गट १९९६ पासून राखून ठेवलेले आहेत : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि घराघरांत आढळणारे १९२.१६८ ने सुरू होणारे. प्रत्येक संगणकावर त्याचा स्वतःचा पत्ता, त्याचे ‘गेटवे’, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता, आणि तो पत्ता त्याला कोणी दिला, या तीन गोष्टी पाहून तक्त्यात लिहाव्यात. एकाच दालनातल्या दोन संगणकांची गेटवे वेगळी निघाली तर तिथे दोन जाळी आहेत, किंवा कोणीतरी घरून आणलेला वायफाय राऊटर मधेच खोचला आहे आणि तो न मागता पत्ते वाटत बसला आहे. ‘काल चालू होते, आज चार संगणक बंद’ या प्रकारच्या तक्रारींमागे हा आगंतुक हमखास संशयित असतो.

पुढचे साधन म्हणजे ‘पिंग’. अमेरिकेच्या लष्करी संशोधन प्रयोगशाळेतील माईक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले. पाणबुडीच्या सोनारसारखी हाक घालायची आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. ‘ट्रेसराऊट’ त्यापुढे जाऊन वाटेतील प्रत्येक थांबा दाखवते. पहिला थांबा १९२.१६८.१.१ आणि दुसरा १९२.१६८.०.१ असा आला तर एकामागे एक दोन राऊटर बसले आहेत हे उघड झाले. त्यानंतर १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला, तर इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत आहे. अशा जोडणीवर बाहेरून कार्यालयातील यंत्रापर्यंत सहज पोहोचता येत नाही. आणि आपल्या भिंतीच्या आतले थांबे व्यवस्थित उत्तर देत असतील, तर ‘लिंक नाही’ची तक्रार कोणाकडे न्यायची याचा निवाडा दोन मिनिटांत होतो.

सर्वच यंत्रे पिंगला ओ देत नाहीत. पण एकाच जाळ्यात दोन यंत्रांना बोलायचे तर परस्परांचा हार्डवेअर पत्ता विचारावाच लागतो आणि त्या चौकशीला उत्तर टाळता येत नाही. १९८२ पासून वापरात असलेल्या या एआरपी पद्धतीच्या तक्त्यातून लपलेली यंत्रेही उघडी पडतात. हार्डवेअर पत्त्याच्या पूर्वार्धावरून बनवणारी कंपनी कळते. त्यामुळे अनोळखी पत्ता संगणकाचा आहे, प्रिंटरचा की कॅमेऱ्याचा, याचा अंदाज येतो. अलीकडचे मोबाईल मात्र वायफायसाठी बदलता पत्ता वापरतात, त्यामुळे त्यांच्यापुरता हा अंदाज चुकतो. गॉर्डन लायन यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘एनमॅप’ हे मोफत साधन अशी सारी तपासणी एकत्रितपणे करते. ते वेगाने आणि बेतालपणे चालवले तर जुनी हजेरी यंत्रे किंवा प्रिंटर गोठून बसू शकतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

स्वस्त, साधे स्विच या कोणत्याच तपासणीत दिसत नाहीत, कारण त्यांना स्वतःचा पत्ता नसतो. त्यांचे अस्तित्व अनुमानाने काढावे लागते. मुख्य स्विच व्यवस्थापनक्षम असेल तर त्याच्या नोंदीत एका पोर्टमागे किती यंत्रे आहेत ते दिसते. एका पोर्टमागे सात यंत्रे आली म्हणजे त्या तारेच्या शेवटी आणखी एक स्विच लपलेला आहे. या साध्या स्विचमध्ये एखाद्या उत्साही हाताने एकाच केबलची दोन्ही टोके खोचली तर संदेश गोलगोल फिरत राहतात आणि काही क्षणांत सगळे कार्यालय ठप्प होते. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये त्यावर उतारा शोधला आणि चांगल्या स्विचमध्ये तो असतोही. स्वस्तातल्या डब्यांत बहुधा नसतो.

मागची दारे

नकाशाचे खरे मोल कळते ते बाहेर उघडणारी सर्व दारे मोजल्यावर. पुढचे दार सर्वांना ठाऊक असते. मागची दारे अशी : एखाद्या टेबलावरील इंटरनेट डोंगल, मोबाईलचा हॉटस्पॉट, दुरुस्तीवाल्याने सोयीसाठी ठेवलेले दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर, साहेबांना घरून कॅमेरे पाहता यावेत म्हणून राऊटरमध्ये डीव्हीआरसाठी उघडलेली वाट. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडणारे ‘मिराई’ हे दुष्ट सॉफ्टवेअर अशाच कॅमेरा-डीव्हीआरमध्ये, कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवल्यामुळे शिरले होते. सर्वांत धोकादायक म्हणजे सरकारी बंदिस्त जाळ्याची तार आणि खासगी ब्रॉडबँड एकाच संगणकात एकत्र येणे. ‘लिंक’ वारंवार जाते म्हणून कोणीतरी सद्हेतूने केलेली ही सोय सबंध जाळ्याचे कुंपण तोडते.

महाराष्ट्राने याचे परिणाम पाहिले आहेत. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका लेखा-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून सुटलेले ‘नॉटपेट्या’ मर्स्क या जहाजकंपनीच्या जागतिक जाळ्यातून फिरत न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलपर्यंत पोहोचले आणि तेथील कामकाज थांबले. कंपनीला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. जाळ्याच्या मुख्य नोंदीची एकच प्रत वाचली होती, ती घानामधील कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. भारनियमन सोसलेल्या वैदर्भीय वाचकाला हा योगायोग विशेष भावावा. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे काम खोळंबले आणि प्रसार रोखण्यासाठी संगणक जाळ्यापासून तोडावे लागले. तोडायचे तर कुठे तोडायचे, हे अशा वेळी नकाशावाचून ठरत नाही. मग सरसकट सगळेच बंद करावे लागते आणि खिडकीवरची रांग आठवडाभर लांबते.

२८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. कार्यालयातील चाळीस संगणक बाहेरच्या जगाला एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात. तपास यंत्रणेच्या हाती असतो तो पत्ता आणि एक वेळ. त्या क्षणी आतला कोणता संगणक बोलत होता हे सांगणारी नोंद आणि तक्ता नसेल, तर संशय ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्यापाशी येऊन थांबतो. त्याचा प्रत्यक्ष संबंध असो वा नसो.

भिंतीबाहेरचा नकाशा

पुष्कळ कार्यालये सावधगिरी म्हणून दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतात. मात्र नागपूर-तुळजापूर महामार्गावरील यवतमाळ, आर्णी, महागाव किंवा उमरखेडसारख्या गावांत दोन्ही कंपन्यांच्या केबली एकाच रस्त्याच्या कडेने, कधी एकाच चरातून, गेलेल्या असू शकतात. रुंदीकरणाच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या कामावरील जेसीबी त्या दोन्ही एकदम उचलतो. बिले दोन, वाट एक. म्हणून कंपनीकडून जोडणी कोणत्या बाजूने आणि कोणत्या केंद्रातून येते हे लेखी घ्यावे. दुसरी जोडणी शक्य तर हवेतून, म्हणजे मोबाईल किंवा रेडिओ दुव्यावरून घ्यावी. दोन्ही कंपन्यांचा मोबाईल मनोराच एका फायबरवर अवलंबून असेल तर हाही उपाय लंगडा पडतो, हे खरे.

नकाशा कसा असावा

नकाशाला सुबकपणाची गरज नाही. एक पान इमारतीचे, त्यावर तारा, पेट्या आणि त्यांचे वीजबटण. दुसरे पान पत्त्यांचे, कोण कोणत्या दाराने बाहेर जातो ते दाखवणारे. आणि सोबत यंत्रांचा तक्ता. पासवर्ड त्यात लिहू नयेत. ते मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखाकडे राहावेत आणि बदलीच्या वेळी पदभार यादीत त्या लिफाफ्याची नोंद व्हावी. नकाशा केवळ संगणकात ठेवणे म्हणजे किल्ली कुलपाच्या आत ठेवण्यासारखे आहे, तेव्हा छापील प्रत कपाटात हवी. मात्र ती सूचनाफलकावर लावण्याची वस्तू नव्हे.

वार्षिक देखभालीच्या करारात ‘कोणतेही नवे यंत्र जोडल्यास नकाशात नोंद करूनच देयक मंजूर होईल’ असे एक वाक्य घातले तर बराच पुढचा गोंधळ टळतो. वापरात नसलेल्या तारा काढून टाकाव्यात. काढणे शक्य नसेल तर दोन्ही टोकांना ‘बंद’ अशी तारखेसह पट्टी लावावी, म्हणजे पुढचा माणूस त्यांच्यामागे दुपार घालवणार नाही. सरकारी आणि सहकारी कार्यालयांत बहुतांश खरेदी मार्चअखेर होते, त्यामुळे एप्रिलमध्ये एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर, अर्थिंग तपासताना, पुन्हा एकदा नकाशा प्रत्यक्षाशी ताडून पाहणे सोयीचे पडते.